सालिम अली: एअरगनपासून पक्षीनिरीक्षणापर्यंत, दुर्बीण कशी निवडाल?

नंदाखालच्या वाड्यांत पक्षी पाहायला कोणती दुर्बीण घ्यावी? त्याआधी सालिम अलींविषयी थोडं.

एअरगनने सुरुवात
जन्म मुंबईत, १२ नोव्हेंबर १८९६. लहानपणी त्यांनी एअरगनने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती कोणती, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले आणि आयुष्याला दिशा मिळाली.

किहीमची सुगरण
अभ्यासासाठी त्यांनी पुढेही पक्षी टिपले. पण १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला ते सुगरण पक्ष्यांची घरटी न्याहाळत बसले. नर घरटं विणतो. मादीने ते पसंत केलं की दुसरं विणायला घेतो. मेलेल्या पक्ष्याकडून हे कधीच कळलं नसतं. १९७६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाला. २० जून १९८७ रोजी त्यांचं निधन झालं.

दुर्बीण घेताना
- ८×२५: आठपट मोठं दृश्य, २५ मिमीचं भिंग. खिशात मावते, लख्ख उन्हात पुरते.
- ८×४२: जड, पण पहाटेच्या अंधुक उजेडात आणि झाडांच्या सावलीत स्पष्ट दिसतं.
- बारापट घेतली, तर हात हलला की चित्रही हलतं.
- चष्मा असेल, तर डोळ्याकडची रिंग खाली होते का, ते पाहा.

बंदूक मात्र नको. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार शिकार गुन्हा आहे.