विश्लेषण : क्यू खेळाडूच्या मापाची का लागते? जो डेव्हिस यांची कारकीर्द काय सांगते?
हाताने घडवलेली क्यू घेताना स्नूकरपटू तिची लांबी, वजन, टोकाची जाडी स्वतःच्या मापाने ठरवून घेतो. हा केवळ शौक नाही, हे जो डेव्हिस यांच्या कारकीर्दीवरून कळते. इंग्लंडमधील डर्बीशायर येथे १९०१ मध्ये जन्मलेल्या डेव्हिस यांना उजव्या डोळ्याने जवळजवळ दिसत नसे. क्यू हनुवटीच्या मधोमध धरून दोन्ही डोळ्यांनी नेम धरणे त्यांना शक्य नव्हते. त्यांनी क्यू डाव्या डोळ्याखाली आणली आणि उभे राहण्याची ढबही तशीच बसवली.

पहिली जागतिक स्नूकर स्पर्धा १९२७ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने झाली. ती त्यांनी जिंकली. बक्षीस होते साडेसहा पौंड. १९४६ पर्यंत या स्पर्धेत ते एकदाही हरले नाहीत; १५ विजेतेपदे मिळवून त्यांनी ती सोडली. १९५५ मध्ये त्यांनी एकाच खेपेत १४७ गुण केले. या कमाल गुणसंख्येची अधिकृत नोंद प्रथमच झाली. १९७८ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या नावाची पट्टी लावलेल्या क्यू बाजारात विकल्या गेल्या. मात्र क्यूवरच्या नावाने नेम बसत नाही; ती खेळणाऱ्याच्या हाताला आणि नजरेला जुळावी लागते.