संत चोखामेळा

मंगळवेढ्याचे संत चोखामेळा हे संत नामदेवांचे शिष्य. महार जातीत जन्मल्याने त्यांना श्रीविठ्ठलाचे दर्शन महाद्वाराबाहेरूनच घ्यावे लागे. देह सर्वांचा पंचमहाभूतांचाच. मग विटाळ नेमका कोणास, हा प्रश्न त्यांनी अभंगांतून मांडला. पत्नी सोयराबाईंनीही तोच विचारला. पुत्र कर्ममेळा यांनी तर देवालाच जाब विचारला. शके १२६० (इ. स. १३३८) मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाची भिंत कोसळून अनेक मजुरांसह चोखोबांचा अंत झाला. ढिगाऱ्यातील ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या, अशी ओळख नामदेवांनी पटविली, असे परंपरा सांगते. त्यांची समाधी पंढरपूरच्या महाद्वाराशी, नामदेव पायरीसमोर आहे. मंदिर मात्र साने गुरुजींच्या १९४७ मधील उपोषणानंतरच सर्वांस खुले झाले.