स्टीफन हिस्लॉप : दगडातील सूक्ष्म जीव पाहणारा मिशनरी



येत्या ८ सप्टेंबरला आपण पवित्र मरियेचा जन्मोत्सव साजरा करू. १८१७ साली याच तारखेला स्कॉटलंडमधील डन्स या गावी एका मुलाचा जन्म झाला. पुढे त्याचे नाव महाराष्ट्राशी कायमचे जोडले गेले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज आपल्यापैकी अनेकांना ऐकून माहीत असेल. ज्यांच्या नावाने ते १८८३ मध्ये सुरू झाले, त्या रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांची ओळख आज करून घेऊ या. ते आपल्या कॅथलिक पंथाचे नव्हते, स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे होते. परंतु देवाच्या सृष्टीकडे कसे पाहावे, हे शिकताना आपण पंथाची भिंत मध्ये आणू नये.

एडिंबरा व ग्लासगो येथे शिक्षण घेऊन हिस्लॉप १८४४ च्या डिसेंबरमध्ये मुंबईस उतरले आणि १८४५ मध्ये नागपूरला पोहोचले. तेव्हा नागपुरात भोसल्यांचे राज्य होते. त्यांनी मराठी आत्मसात केली, १८४६ मध्ये शाळा उघडली आणि खेडोपाडी पायी व घोड्यावरून फिरू लागले. या फिरण्यातच त्यांची नजर रस्त्याकडेच्या दगडांवर खिळली.

१८५१ च्या सुमारास, नागपूरच्या पश्चिमेस टाकळी गावाजवळ, हिस्लॉप व त्यांचे सहकारी रेव्हरंड रॉबर्ट हंटर यांना दगडात रुतलेले गोगलगाईचे शंख सापडले. ही जागा आता शहरातच आली आहे. दोघांनी तो थर बारकाईने शोधायला सुरुवात केली. त्यात माशांचे खवले, भुंगेऱ्यांच्या पंखांची कवचे, फळे व बिया निघाल्या. आणि निघाली ती जेमतेम मोहरीएवढी, काही तर त्याहूनही लहान, दुहेरी शिंपली. हे ऑस्ट्राकोड नावाचे जीव. दिसायला शिंपल्यासारखे, पण नात्याने कोळंबी व खेकड्यांचे भाऊबंद. समुद्रात त्यांची वस्ती कोट्यवधी वर्षांपासून आहे, आणि आजही ते आपल्या विहिरीत व भातखाचरात पोहत असतात. टाकळीचे ऑस्ट्राकोड मात्र गोड्या पाण्यातले होते.

इतके नाजूक जीव दगडात टिकले कसे? आपण पुणेकर ज्या काळ्या दगडावर राहतो, तो लाव्हारसाचा दगड आहे. पर्वती, वेताळ टेकडी, सिंहगड, सारे त्याचेच. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून हा रस थरावर थर पसरत गेला. आजही त्याने सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे. परंतु दोन थरांच्या मध्ये कधी कधी हजारो वर्षांची शांतता असे. त्या काळात माती तयार होई, झाडे उगवत, खळग्यांत तळी साचत आणि तळ्यांत जीव नांदत. ते मेले की तळाच्या चिखलात गाडले जात. पाण्यात विरघळलेली सिलिका, म्हणजे गारगोटीचेच द्रव्य, त्यांच्यात झिरपून घट्ट होई. मग नवा लाव्हा येऊन वरून झाकण घाली. अशा फळांचा पातळ छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर आतल्या पेशीसुद्धा दिसतात.

हिस्लॉप व हंटर यांचा निबंध १८५५ मध्ये लंडनच्या भूविज्ञान संस्थेच्या त्रैमासिकात छापून आला. १८६० मध्ये हिस्लॉप यांचा आणखी एक मोठा निबंध आला. त्यातील सूक्ष्म शिंपल्यांचे वर्णन रूपर्ट जोन्स या तज्ज्ञाने केले. या लहानग्यांनी एका मोठ्या प्रश्नाचे उत्तर दिले. नागपूरच्या जागी तेव्हा समुद्र होता की तळे? शंख व शिंपले गोड्या पाण्यातले, म्हणून तेथे तळे होते. आंध्रातील राजमहेंद्रीजवळच्या तशाच थरात मात्र खाडीतले व समुद्रातले शिंपले मिळाले. त्यांचीही नोंद हिस्लॉप यांनी त्याच निबंधात केली.

त्यांचे सगळेच निष्कर्ष टिकले नाहीत. तळ्याच्या थराखालचा काळा दगड नंतर खालून घुसला असावा, असे त्यांना वाटे. पुढच्या संशोधकांनी दाखवले की लाव्हाचे थर एकावर एक क्रमानेच साचले. त्यांनी ठरवलेले वयही आज बदलले आहे. २००९ मध्ये तर एक आश्चर्य घडले. नागपूरच्या उत्तरेस, छिंदवाडा जिल्ह्यातील झिलमिली येथे, अशाच दोन लाव्हाथरांच्या मधोमध समुद्रात तरंगणाऱ्या फोरॅमिनिफेरा या एकपेशीय जीवांची सूक्ष्म कवचे सापडल्याचे प्रसिद्ध झाले. म्हणजे डायनोसॉर संपल्यानंतर लगेचच्या काळात समुद्राचा एक फाटा मध्य भारतात शिरला होता! हिस्लॉप यांना याची कल्पना नव्हती. पण लाव्हाच्या मधल्या थरात बारीक जीव शोधण्याची वाट रुळवणाऱ्यांत ते आघाडीवर होते.

ते केवळ दगडांतच रमले नाहीत. गोंड बांधवांची भाषा, कथा व चालीरीती त्यांनी टिपून ठेवल्या. ही टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ मध्ये, सर रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केली.

४ सप्टेंबर १८६३. टेंपल यांचा मुक्काम नागपूरच्या दक्षिणेस बोरी येथे होता. हिस्लॉप जवळच्या टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहायला गेले होते. तेथील शाळा तपासण्यासाठी ते मागे थांबले आणि संध्याकाळी एकटेच घोड्यावरून परत निघाले. पावसाने नाला फुगला होता. घोडा मुक्कामावर आला, स्वार आला नाही. शोध घेतल्यावर त्यांचा देह पाण्यात मिळाला. वयाची ४६ वर्षे पूर्ण व्हायला चार दिवस उरले होते. शेवटच्या दिवशीही हातात दोन कामे होती, जुने दगड आणि लहान मुले.

हे सारे आम्ही का सांगत आहोत? आपल्या धर्मग्रामातील काही तरुण कॉलेजात गेल्यावर चर्चपासून दुरावतात. पृथ्वी कोट्यवधी वर्षांची आहे हे वर्गात ऐकले, की लहानपणी शिकलेली सहा दिवसांची कथा खोटी ठरली, असे त्यांना वाटते. आणि त्यांचे आईवडील भीतीपोटी प्रश्नच टाळतात. आपली ख्रिस्तसभा उत्पत्तीच्या पुस्तकाकडे भूगर्भशास्त्राचे पुस्तक म्हणून पाहत नाही. जग कोणी निर्माण केले आणि कशासाठी, हे ते सांगते. ते कोणत्या क्रमाने घडले, हे दगडांना विचारायचे असते. बुद्धी देणारा आणि श्रद्धा देणारा एकच आहे, मग एक सत्य दुसऱ्या सत्याला खोटे कसे ठरवील?

हिस्लॉप रविवारी उपदेश करीत आणि इतर दिवशी मोहरीएवढी शिंपली मोजीत. एका कामासाठी दुसरे लपवावे, असे त्यांना वाटले नाही. म्हणून पालकांनो, मुलगा किंवा मुलगी प्रश्न घेऊन आली, तर रागावू नका. उत्तर येत नसेल तर तिला घेऊन आमच्याकडे या. आपण मिळून शोधू.

प्रभू आपणा सर्वांना निर्भय बुद्धी व नम्र श्रद्धा देवो.

आपले धर्मगुरू