आटे गेलेला बोल्ट आणि लक्ष्मणराव किर्लोस्कर

खंडाळा म्हटलं की लोकांना लोणावळ्याशेजारचं खंडाळा आठवतं. आमचं खंडाळा सातारा जिल्ह्यातलं. पुण्याहून साताऱ्याकडे निघालात की शिरवळ मागे टाकून, खंबाटकी घाट चढायच्या आधी लागतं ते. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि महिन्यातून एकदा घरी जातो.

मागच्या खेपेला गेलो तेव्हा ओढ्यावरच्या पंपाचं छोटं पेट्रोल इंजिन ऑइल गळत होतं. कव्हरचा एक बोल्ट ढिला दिसला. इंजिनिअरिंगची डिग्री आहेच, मग काय! पान्याला पाइपचा तुकडा लावला आणि जोर दिला. बोल्ट आधी घट्ट झाला, मग एकदम हलका झाला आणि मग नुसताच गोल फिरायला लागला. बाहेर काढला तर त्याच्याभोवती स्प्रिंगसारखी बारीक चकचकीत तार गुंडाळलेली. ती तार म्हणजे इंजिनच्या ब्लॉकमधले आटे होते. घेवड्याला पाणी द्यायचं होतं, आणि पप्पा काही न बोलता माझ्याकडे बघत होते. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

आटे गेले म्हणजे नक्की काय झालं?

बोल्ट पोलादाचा, ब्लॉक ॲल्युमिनियमचा. दोघांची ताकद सारखी नसते. बोल्ट आवळला की तो किंचित ताणला जातो आणि त्या ताणामुळेच कव्हर दाबून बसतं. हा सगळा ताण आट्यांवर येतो, आणि त्यातही सुरुवातीच्या दोन-तीन आट्यांवर सगळ्यात जास्त. पाइप लावून मी पान्याचा दांडा लांब केला, म्हणजे तेवढ्याच हाताने कितीतरी जास्त पीळ दिला. पोलाद टिकलं, ॲल्युमिनियम कातरलं गेलं.

गावातल्या वर्कशॉपवाल्या काकांनी ते तासाभरात नीट केलं. बोल्ट आठ मिलिमीटरचा होता. आधी त्यांनी जुनं भोक ड्रिलने थोडं मोठं केलं, साधारण ८.३ मिलिमीटर. ड्रिल अगदी सरळ धरलं, कारण भोक वाकडं गेलं तर बोल्ट पुन्हा बसत नाही. मग ग्रीस लावलेल्या टॅपने नवे आटे पाडले. अर्धा फेरा पुढे, थोडा मागे, असं करत. ग्रीसला चुरा चिकटतो, इंजिनात पडत नाही. भोक साफ करून त्यात स्टेनलेस स्टीलच्या तारेचं वेटोळं फिरवून बसवलं. याला हेलिकॉइल म्हणतात. या वेटोळ्याची बाहेरची बाजू नव्या आट्यांत अडकते आणि आतल्या बाजूला पुन्हा आठ मिलिमीटरचेच आटे तयार होतात. वेटोळं पृष्ठभागापेक्षा किंचित खाली ठेवलं, खालची शेंडी मोडून बाहेर काढली, झालं. आता जुनाच बोल्ट लागतो, आणि आटे ॲल्युमिनियमऐवजी स्टीलचे. म्हणजे दुरुस्तीनंतर ती जागा आधीपेक्षा पक्की झाली.

तिथे बसल्या बसल्या कोपऱ्यातल्या एका जुन्या पंपावरची पाटी दिसली. किर्लोस्कर. हे माणसाचं आडनाव आहे हे मला लहानपणी माहीतच नव्हतं, मला ते पंपाचंच नाव वाटायचं. या माणसाची गोष्ट आटे गेलेल्या बोल्टपासून फार लांब नाही, म्हणून आज ती सांगतो.

चित्रकार व्हायला निघालेला मुलगा

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेत मन रमेना, पण चित्रकला आणि यंत्रं या दोन गोष्टींचं वेड. घरून विरोध असतानाही ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला गेले. दोनेक वर्षांनी लक्षात आलं की त्यांना काही रंग नीट ओळखू येत नाहीत. रंगांधळेपणा. चित्रकाराच्या वाटेवर हा पूर्णविरामच.

पण रेषा हातात होती. त्यांनी यांत्रिक आरेखन धरलं, म्हणजे यंत्राचा भाग मापासकट कागदावर काढणं. त्यात रंग लागत नाही, अचूकपणा लागतो. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, आजच्या व्हीजेटीआयमध्ये, ते हाच विषय शिकवायला लागले.

तिथे असतानाच त्यांनी सायकलचा धंदा सुरू केला. मुंबईत सायकली घ्यायच्या आणि बेळगावला भाऊ रामूअण्णांकडे पाठवायच्या. रामूअण्णा त्या विकायचे आणि लोकांना चालवायलाही शिकवायचे. साधारण त्याच काळात अमेरिकेत राइट बंधूंचंही सायकलचं दुकान होतं, हा योगायोग मला फार आवडतो. त्या काळात सायकल म्हणजे घरी नेऊन उघडता येणारं यंत्र. बेअरिंग, चेन, नट-बोल्ट, सगळं समोर.

मुंबईतल्या संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला मिळाली. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. आजच्या भाषेत, राजीनामा देऊन स्टार्टअप. फक्त तेव्हा गुंतवणूकदार नव्हते.

नांगर का खपेना?

बेळगावात त्यांनी आधी कडबा कापायची यंत्रं बनवली, मग १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. आणि नांगर कुणी घेईना. लोखंडाने जमिनीत विष भिनतं अशी समजूत शेतकऱ्यांत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली असं सांगतात.

ही गोष्ट नेहमी अंधश्रद्धेची म्हणून सांगितली जाते. मला त्यात आणखी एक बाजू दिसते. लाकडी नांगर मोडला तर गावातला सुतार तो नीट करायचा. त्याचं बलुतं ठरलेलं, तो हाकेच्या अंतरावर. लोखंडी नांगर मोडला तर कुणाकडे जायचं? ऐन पेरणीत मोडला तर? माझं इंजिन बंद पडल्यावर पप्पांच्या चेहऱ्यावर जे होतं, तोच हा प्रश्न. नवं यंत्र किती चांगलं चालतं यापेक्षा ते बंद पडल्यावर काय होतं, हे शेतकरी आधी बघतो. आणि त्यात चूक काही नाही.

लोखंडी नांगराच्या रचनेतच याचं उत्तर असतं. जमिनीत घुसणारा फाळ सगळ्यात आधी झिजतो. म्हणून तो वेगळा असतो आणि बोल्टने जोडलेला असतो. झिजला की बोल्ट सोडा, नवा फाळ लावा, बाकी नांगर तोच. पण यासाठी एक अट आहे. नव्या फाळाची भोकं जुन्या नांगराच्या भोकांसमोर बरोबर आली पाहिजेत, आणि बोल्टचे आटे नटात बसले पाहिजेत. म्हणजे प्रत्येक भाग मापाने बनला पाहिजे. आरेखन शिकवणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

मापाचा हा विचार जगातही तेव्हा फार जुना नव्हता. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये सगळ्या बोल्टना एकच आटे असावेत अशी पद्धत मांडली. त्याआधी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे. प्रत्येक फोनला वेगळा चार्जर होता ना, तसंच. आज सगळीकडे टाइप-सी दिसतं, तशी व्हिटवर्थची पद्धत ब्रिटिश कारखान्यांत पसरली. तुमच्या घरातल्या अर्धा इंची नळाच्या आट्यांचा ५५ अंशांचा कोन अजूनही त्यांचाच आहे.

निवडुंगाचा माळ

नांगर खपायला लागले तोवर बेळगावच्या नगरपालिकेने शहर वाढवण्यासाठी कारखान्याची जागा सोडायला सांगितलं. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर जमीन दिली आणि १०,००० रुपये बिनव्याजी कर्ज दिलं. जमीन कसली, निवडुंग आणि सापांनी भरलेला माळ होता तो. १९१० मध्ये लक्ष्मणराव आपली माणसं घेऊन तिथे गेले. तीच आजची किर्लोस्करवाडी, सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यातली. स्टेशनचं नावही आता किर्लोस्करवाडीच आहे.

आधी माळ साफ केला, मग कारखाना उभा केला, मग त्याभोवती गाव वसवलं. त्या गावात अस्पृश्यता पाळायची नाही असा त्यांचा नियम होता. कारखान्यात येणारी बरीच माणसं आसपासच्या खेड्यांतली. ती ओतकाम, लेथ, फिटिंग कामावरच शिकली.

पहिल्या महायुद्धात बाहेरून येणारं लोखंड आणि कोळसा आटला. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या, अशी गोष्ट आमच्या भागात सांगतात. तोफेचे नांगर झाले. १९२० मध्ये कंपनी लिमिटेड झाली. त्याच वर्षी शं. वा. किर्लोस्करांनी कारखान्याची माहिती देणारं किर्लोस्कर खबर सुरू केलं. त्याचंच पुढे किर्लोस्कर हे गाजलेलं मासिक झालं.

पुढच्या पिढीत मुलगा शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीतून शिकून आले. १९४१ मध्ये हरिहरला लेथ बनवणारा कारखाना निघाला आणि १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिनांचा. या क्रमाकडे जरा बघा. आधी शेताची अवजारं, मग लेथ आणि इंजिनं. लेथ म्हणजे बोल्टचे आटे पाडणारं यंत्र, म्हणजे दुसरी यंत्रं दुरुस्त करणारं यंत्र. साताऱ्याजवळ धनजीशा कूपर यांचा कारखानाही याच काळात वाढत होता. माझ्या गावातल्या काकांना ब्लॉकमध्ये सरळ भोक पाडता येतं, त्यामागे या पट्ट्यातली शंभर वर्षांची सवय आहे असं मला वाटतं.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ ला गेले. १९६९ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला, पोस्टाने त्यांच्यावर तिकीट काढलं.

आपल्या फोनचं काय?

आता हातातल्या फोनकडे बघा. बॅटरी सगळ्यात आधी झिजते, म्हणजे ती फोनचा फाळ आहे. पण बहुतेक फोनांत ती गोंदाने चिकटवलेली असते. काढायला आधी मागची काच तापवून सोडवावी लागते. फोन पातळ राहावा, पाणी आत जाऊ नये, ही कारणं खरी आहेत. पण किंमत आपण मोजतो. दोन-तीन वर्षांत अख्खा फोन बदलतो. भारत सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी पोर्टलही सुरू केलं. म्हणजे विषय तिथपर्यंत पोचला आहे.

पुढचा फोन घेताना कॅमेरा किती मेगापिक्सेल हे विचाराच. सोबत आणखी दोन प्रश्न विचारा. बॅटरी बदलून मिळते का, आणि कुठे? नांगर घेणाऱ्या शेतकऱ्याच्या मनात हाच प्रश्न असणार.

आमचं इंजिन चालू आहे. घेवड्याला त्याच संध्याकाळी पाणी मिळालं. पाइपचा तो तुकडा मात्र पप्पांनी कुठेतरी लपवून ठेवलाय.