तीनशे विसावा नव्हे, तीनशे एकविसावा!

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात, तो आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे. तिथे चेंडू हातात घेऊन पळायचे असते आणि पळणाऱ्याला आडवे करायला समोरचा अख्खा संघ टपलेला असतो. त्याला वाट करून देण्यासाठी पाच धिप्पाड गडी पुढे भिंतीसारखे उभे राहतात. चेंडूला त्यांचा हात सहसा लागत नाही, गुणफलकावर त्यांचे नाव येत नाही. रूझवेल्ट ब्राऊन हा या अनाम भिंतीतला माणूस.

त्याचा जन्म १९३२ साली व्हर्जिनियातल्या शार्लट्सव्हिल गावचा. काळ्यांची शाळा वेगळी, गोऱ्यांची वेगळी, असा तो जमाना. फुटबॉलमधल्या दुखापतीने कुटुंबात एक मृत्यू झालेला. त्यामुळे वडिलांची या खेळाला सक्त मनाई होती. पोरगा आपला शाळेच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवी. पण त्याची अंगलट शाळेतल्या प्रशिक्षकाच्या नजरेत भरली आणि ट्रॉम्बोन मागे पडला.

दक्षिणेतल्या मोठ्या विद्यापीठांचे दरवाजे काळ्या मुलांना बंद होते. ब्राऊन बाल्टिमोरच्या मॉर्गन स्टेट या काळ्यांच्या छोट्या कॉलेजात गेला. तिथे तो फुटबॉल खेळला, कुस्तीही खेळला. पण व्यावसायिक संघांची माणसे अशा कॉलेजांकडे क्वचितच फिरकत. पळणाऱ्याचे निदान आकडे तरी छापून येतात. भिंतीतल्या गड्याचे कसब कळायचे तर मैदानाच्या कडेला उभे राहून ते डोळ्यांनीच पाहावे लागते. आणि पाहायला कोणी येतच नव्हते.

१९५३ च्या जानेवारीत संघांनी पाळीपाळीने खेळाडू निवडले. तेव्हा अशा तीस फेऱ्या होत. शेवटच्या फेऱ्यांत नावे सुचेनाशी होत. न्यूयॉर्क जायंट्सच्या मंडळींसमोर ‘पिट्सबर्ग कुरिअर’ हे काळ्यांचे वृत्तपत्र होते. काळ्या कॉलेजांतल्या उत्तम खेळाडूंची यादी त्यात छापून आली होती. त्या यादीतले एक नाव त्यांनी सत्ताविसाव्या फेरीत उचलले. तोवर ३२० जणांची निवड झालेली होती. ज्याला घेतले त्याला त्यांच्यापैकी कुणी खेळताना पाहिलेही नव्हते!

सराव शिबिरात प्रशिक्षक स्टीव्ह ओवेन यांनी या नवख्या पोराला आर्नी वाइनमाइस्टरसमोर उभे केले. वाइनमाइस्टर म्हणजे त्या काळचा नामांकित बचावपटू. ब्राऊनची चांगलीच धुलाई झाली, पण गडी पुन्हा पुन्हा उभा राहिला. सव्वासहा फूट उंची, सुमारे ११५ किलो वजन आणि त्या देहाला न शोभणारा वेग! फ्रँक गिफर्ड चेंडू घेऊन कडेने धावायचा, तेव्हा वाट साफ करीत ब्राऊन त्याच्या पुढे धावायचा. लोक टाळ्या गिफर्डला देत. १९५६ च्या अंतिम सामन्यात जायंट्सने शिकागो बेअर्सला ४७-७ असे लोळवले, तेव्हा संघाच्या या ताकदीची साऱ्या देशाला प्रचिती आली.

तेरा हंगाम तो याच एका संघाकडून खेळला. नऊ वेळा ‘प्रो बोल’ या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी त्याची निवड झाली. शेवटी पायाच्या शिरांच्या दुखण्याने त्याला थांबावे लागले. १९७५ मध्ये ‘हॉल ऑफ फेम’ने त्याचा गौरव केला. केवळ भिंतीतला गडी म्हणून हा मान मिळालेला तो दुसराच खेळाडू.

निवृत्तीनंतर तो जायंट्सचा प्रशिक्षक झाला आणि पुढे स्काऊट, म्हणजे नवे खेळाडू हेरणारा माणूस. ज्याला कोणी पाहायला आले नव्हते, तोच आता इतरांना पाहायला गावोगाव हिंडू लागला. ९ जून २००४ रोजी न्यू जर्सीतल्या घरी बागकाम करताना हृदयविकाराने त्याचे निधन झाले. तेव्हा तो ७१ वर्षांचा होता.

१९९४ पासून या निवडीच्या फेऱ्या सातच उरल्या आहेत. सत्ताविसावी फेरीच नाही. म्हणजे आजच्या पद्धतीत त्या यादीत ब्राऊनचे नाव आलेच नसते. गुण अंगी असणे एवढेच पुरत नाही, वेळेवर कोणाची तरी नजर पडावी लागते. ब्राऊनच्या बाबतीत ती नजर एका वृत्तपत्राच्या पानावर पडली. आपल्या आसपासच्या छोट्या शाळांच्या मैदानांवर शेवटचे आपण कधी डोकावलो होतो?