टिळकांनी दत्तूसाठी काय ठेवलं?



मी कतारगामला राहतो, मूळ नगर जिल्ह्यातला. हिऱ्याच्या कारखान्यात माल निवडायचं काम करायचो. मागल्या वर्षी शेठनं सीव्हीडीचे हिरे खाणीच्या मालात मिसळायला सांगितले. मी नाही म्हटलं. नोकरी गेली. पोरगा बारावीत. एके रात्री त्यानं विचारलं, पप्पा, आज्ञा पाळून आपल्याला मिळालं काय? मला उत्तर सुचेना. मग त्याला रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गोष्ट सांगितली, आमच्या आजीकडून ऐकलेली.

टिळक 1861 साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी जन्मले. चित्पावन ब्राह्मण, मोठे कवी. एकदा राजनांदगावला जाताना आगगाडीत एका साहेबानं त्यांना नवा करार दिला. डोंगरावरचं प्रवचन वाचून ते त्यात अडकले ते अडकलेच. शत्रूवर प्रीती करा, ही आज्ञा खरी असेल तर नुसती वाचून भागत नाही, पाळावी लागते, हे त्यांना पटलं. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आता इथं गोड बोलून चालणार नाही. त्या दिवशी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. दत्तू लहान होता. नवरा जिवंत, आणि संसार मोडलेला. काही वर्षं त्या मुलाला घेऊन वेगळ्या राहिल्या. टिळकांच्या आज्ञापालनाची किंमत बायकोनं आणि लेकरानं भरली. माझ्या घरचं तेच झालं, म्हणून हे सांगताना माझा आवाज बसला.

पुढे लक्ष्मीबाई नगरला टिळकांकडे आल्या, पण सोवळंओवळं सांभाळूनच. हळूहळू त्यांनी स्वतः विचार केला, की माणसामाणसांत जात देवानं केली का? उत्तर नाही असं आलं, तसा त्यांनी विटाळ टाकला, आणि 1900 साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला. नवऱ्याच्या मागं फरफटत गेल्या नाहीत, आपल्या पायांनी गेल्या.

टिळकांनी पैसा काही साठवला नाही. हातात आलं की गरजवंताला द्यायचे. 1917 मध्ये तर मिशनचा पगारही सोडला आणि साताऱ्याला देवाचा दरबार सुरू केला. 9 मे 1919 रोजी मुंबईत वारले.

मग दत्तूला काय मिळालं? टिळकांचं ख्रिस्तायन अर्धवट राहिलं होतं, ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. ज्या बाईला लग्नानंतर नवऱ्यानं अक्षरं शिकवली, तिनं स्मृतिचित्रे लिहिलं. ते लिहवून घेणारा, छापणारा तोच दत्तू, म्हणजे देवदत्त. पुढे नातू अशोक टिळकांनीही त्याच पुस्तकाची सेवा केली. आणि टिळकांची भजनं आपण आजही रविवारी टाळ घेऊन म्हणतो.

निर्गमच्या विसाव्या अध्यायात आज्ञा पाळणाऱ्यांच्या हजारो पिढ्यांवर देव दया करतो असं आहे. पूर्वी मला वाटायचं, दया म्हणजे फ्लॅट, धंदा, बँकेतले पैसे. आता तसं वाटत नाही. पण पोराला मी आशीर्वादाची तारीख सांगू शकलो नाही. एवढंच म्हणालो, की उद्या तुझ्यासमोर असाच माल आला, तर बापानं काय केलं ते तुला ठाऊक असेल.

तो काही बोलला नाही. सकाळी मात्र स्मृतिचित्रे कपाटातून काढून वाचत बसला होता.

सध्या मी एका दुकानात हिशेब लिहितो, पगार निम्मा आहे. ज्यांच्या घरी असाच प्रश्न विचारला गेला असेल, त्यांनी आमच्यासाठी प्रार्थना करावी. आम्हीही तुमच्यासाठी करू.

आपला,
एक वाचक, कतारगाम, सुरत