जुन्नरचा हबशी पेशवा : मलिक अंबर

जुन्नर म्हटले की शिवनेरी आठवते; आम्हा बौद्धांना त्याआधी लेण्याद्री आणि मानमोडीची लेणी. याच जुन्नरातून एका हबशी गुलामाने निजामशाहीचा कारभार हाकला, हे मात्र आमच्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते.

१५४८ च्या सुमारास अबिसिनियात, म्हणजे आजच्या इथिओपियात, तो जन्मला. मूळ नाव चापू. लहानपणीच आईबापांपासून तुटून तो गुलामांच्या बाजारात आला आणि हातोहात विकला गेला. बगदादच्या मीर कासीम या धन्याने त्याला लिहायला-वाचायला शिकवले, अंबर हे नाव दिले. पुढे अहमदनगरचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. हा चंगेजखानही हबशी, एकेकाळचा गुलामच. राज्यकारभार अंबर त्याच्यापाशी शिकला. धनी वारल्यावर तो मुक्त झाला. पण मुक्ततेबरोबर भाकर मिळत नाही, म्हणून काही वर्षे विजापूरकरांची चाकरी करावी लागली.

१६०० साली अकबराच्या फौजेने अहमदनगरचा किल्ला घेतला, सुलतान कैद झाला. अंबरने परांड्याला दुसऱ्या मुर्तझाला गादीवर बसवले, त्याला आपली मुलगी दिली आणि १६०७ च्या सुमारास राजधानी जुन्नरला आणली. डोंगर व घाटांचा हा मुलूख गनिमी काव्याला सोयीचा. मराठा स्वारांच्या साथीने त्याने मोगलांना दोन तपांहून अधिक काळ झुंजवले. जहांगीरने अंबरच्या मस्तकावर बाण सोडतानाचे स्वतःचे चित्र काढवून घेतले. रणात ते कधी साधले नाही. १६२४ साली भातवडीला मोगल आणि आदिलशाही यांच्या एकत्रित फौजेचा त्याने पराभव केला.

खडकी हे नगर त्याने १६१० साली वसवले, नहरीने तेथे पाणी खेळवले. त्याच नगरात १९५० साली बाबासाहेबांनी महाविद्यालय सुरू केले. अंबरने महसुलाची इजारदारी मोडली, जमिनीचा कस व पीक पाहून सारा ठरवला. रयतेला त्याने दिलासा मिळाला, हे आम्ही मान्य करतो. परंतु वतनांची उतरंड त्याने हलवली नाही. महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांना १९२८ साली विधेयक मांडावे लागले. आणि स्वतः विकला गेलेला हा माणूस आपल्या फौजेसाठी हबशी गुलाम विकत घेतच राहिला.

१६२६ साली, ऐंशीच्या घरात, तो वारला. खुलताबादला त्याची कबर आहे. पुत्र फत्तेखानाला राज्य सावरले नाही; १६३६ साली निजामशाही बुडाली.